दिवसभर चौकात उभी राहिलेली माणसं



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत हजेरी घेत होते. एक ताई सलग तिसऱ्यांदा गैरहजर. पूर्वी सगळ्यांच्या आधी सतरंजी टाकून बसणारी बाई ती. बैठक संपल्यावर मी त्यांच्या घरी गेले. त्यांचे मालक कंत्राटी कामावर होते, कंत्राट संपलं आणि सहा महिने झाले तरी दुसरं काम नाही. अंतर्गत कर्जाचे हप्ते थकले म्हणून बैठकीला तोंड दाखवायची लाज वाटत होती. ख्रिस्ती कुटुंब आहे. भिंतीवर येशूची तसबीर, खालच्या फळीवर बायबल.

"रोज रातच्याले आमी दोघं प्रार्थनेले बसतो," त्या म्हणाल्या. "शेजारची म्हणते, तुमच्या देवाले आयकू येत नाही का? ताई, तुमी शिकल्या-सवरल्या आहा. सांगा न, प्रार्थनेनं काम भेटते का?"

मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. देवाच्या वतीनं उत्तर देण्याची माझी ऐपत नाही. पण पोटाची चिंता आणि प्रार्थना यांचं नातं आपल्या वर्ध्याच्या इतिहासात कुठे आहे, तेवढं मला ठाऊक आहे. त्या दिवशी अर्धवट सांगितलं, आज नीट सांगते.

अशा विषयात आपल्याला आधी पंडिता रमाबाई आठवतात. त्यांचे आईवडील दुष्काळात उपासमारीनं गेले. देवधर्मात आयुष्य घालवलेली माणसं अन्नावाचून गेली, हे त्या विसरल्या नाहीत. 1897 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या. तेव्हा आपला वर्धा जिल्हाही मध्य प्रांतातच होता. शेकडो अनाथ मुली आणि बायांना त्यांनी पुण्याजवळ केडगावला नेलं. तिथल्या मुक्ती सदनात पैसा संपला की रमाबाई प्रार्थनेला बसत, पण मुलींच्या हाताला कामही देत. शेती, विणकाम, छापखाना. पुढे रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच बायांनी छापलं.

रमाबाईंवर पुष्कळ बोललं जातं. मला आज त्या माणसाबद्दल सांगायचं आहे, ज्यानं ऐन वयातली वर्षं आपल्या मगनवाडीत काढली आणि ज्याचं नाव वर्ध्यातल्याच अनेकींनी ऐकलेलं नसतं.

त्याआधी बायबलमधली एक गोष्ट ऐका, कारण ती फिरत फिरत वर्ध्यापर्यंत आली आहे. एक द्राक्षमळ्याचा मालक पहाटे चौकात जातो आणि दिवसाची मजुरी ठरवून माणसं लावतो. नऊला पुन्हा जातो, बाराला जातो, तीनला जातो. दिवस मावळायला तासभर उरला असताना गेला तरी काही माणसं तिथं उभीच. तुम्ही रिकामे का, असं विचारल्यावर ती सांगतात की आम्हाला कोणी कामावर घेतलंच नाही. तो त्यांनाही मळ्यात पाठवतो आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखीच, पूर्ण दिवसाची मजुरी देतो. पहाटेपासून राबलेले साहजिकच कुरकुर करतात. आपणही केली असती! पण शेवटच्या माणसाच्या घरीही लेकरं जेवायची असतात, आणि तो चौकात आळसानं उभा नव्हता. सकाळी डब्याची पिशवी घेऊन चौकात उभे राहणारे मजूर आपण रोज पाहतो. अकरा वाजून गेल्यावरही तिथेच असलेल्यांचे चेहरे कधी पाहिलेत?

या गोष्टीतल्या शब्दांवरून इंग्लंडच्या जॉन रस्किननं आपल्या अर्थशास्त्रावरच्या पुस्तकाचं नाव ठेवलं, 'अन टू धिस लास्ट'. 1904 मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना गांधीजींनी ते आगगाडीत वाचलं आणि त्यांची झोप उडाली. 1908 मध्ये त्यांनी त्याचा सार गुजरातीत लिहिला आणि त्याला नाव दिलं 'सर्वोदय'. वर्ध्यात आपण हा शब्द उठता-बसता ऐकतो. त्याच्या मुळाशी काम न मिळालेल्या मजुरांची गोष्ट आहे, हे मला कॉलेज संपल्यावर कितीतरी वर्षांनी कळलं. परीक्षेत कोणी विचारलं नव्हतं.

आता तो माणूस. जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस, जन्म 4 जानेवारी 1892, तंजावरच्या तमिळ ख्रिस्ती घरातला. लंडनला हिशेबतपासणी शिकला, मुंबईत स्वतःची ऑडिट फर्म काढली, मग अमेरिकेत जाऊन अर्थशास्त्र शिकला. तिथे एका चर्चमध्ये भारत गरीब का, यावर त्याचं भाषण झालं. कोलंबिया विद्यापीठातल्या प्राध्यापक सेलिग्मननी तोच विषय अभ्यासाला घ्यायला लावला. सरकारी जमाखर्चाची पानं उलटता उलटता या सुटाबुटातल्या ऑडिटरला दिसलं की कर कुणाकडून येतो आणि पैसा कुठे जातो. परत आल्यावर त्यानं घराण्याचं जुनं नाव लावलं, कुमारप्पा. 9 मे 1929 ला साबरमतीत गांधीजींची भेट झाली आणि फर्म मागेच राहिली.

लक्षात घ्या, कुमारप्पांची नोकरी कोणी काढून घेतली नव्हती. त्यांनी चांगली मिळकत आपणहून सोडली. म्हणून त्यांची गरिबी आणि आपल्या ताईंची गरिबी एक नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण सोडलेल्या पैशाचं कौतुक होतं, न मिळालेल्या पैशाची लाज वाटायला लावतात.

चर्चशी त्यांचं पटलं असं नाही. 1930 च्या सत्याग्रहात कलकत्त्याचे मेट्रोपॉलिटन, म्हणजे तिथले मोठे धर्मगुरू, सरकारच्या बाजूनं बोलले. येशूच्या अहिंसेचं काय, असं कुमारप्पांनी त्यांना जाहीरपणे विचारलं. देवळात किंवा चर्चमध्ये गुडघे टेकायचे आणि बाहेर अन्याय चालू द्यायचा, हे त्यांना जमत नव्हतं.

1934 मध्ये बिहारमध्ये भूकंप झाला. मदतनिधीचा हिशेब कुमारप्पांकडे होता. स्वयंसेवकाच्या जेवणाला दिवसाला तीन आणे, त्यावर पै नाही. तेवढ्यात गांधीजी आपल्या मंडळींसह आले. कुमारप्पांनी महादेवभाईंना सांगून टाकलं की तुमच्या जेवणाचा आणि गाडीचा खर्च या निधीतून मिळणार नाही, हा पैसा भूकंपग्रस्तांचा आहे. प्रत्यक्ष गांधीजींना नाही म्हणाले! आपल्या गटांत "अध्यक्षांच्या घरचंच आहे, लिहून टाका" असं कोणी म्हटलं की मी ही गोष्ट सांगते.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला आणि कुमारप्पा त्याचे सचिव झाले. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत मगनवाडी उभी राहिली. सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला जायच्या आधी गांधीजीही तिथेच राहत. मगनवाडीत तेलाच्या घाणीत सुधारणा झाली, हातकागद, मधमाश्या, साबण, ताडगूळ यांचं शिक्षण सुरू झालं. घराघरात धूर कमी करणारी मगन चूल तुमच्यापैकी काहींच्या आजीनं वापरली असेल. 30 डिसेंबर 1938 ला गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. ते आजही आहे, गटानं एकदा जाऊन यावं.

कुमारप्पांचा मुद्दा साधा होता. गिरणीत भात कांडला की पांढरा शुभ्र दिसतो, पण कोंड्याबरोबर पोषण जातं आणि कांडणाऱ्या बाईच्या हातचं कामही जातं. स्वस्त मिळालेल्या वस्तूच्या हिशेबात त्या बाईची बुडालेली मजुरी कोणी धरत नाही. ते मात्र धरत. ऑडिटरच तो!

1942 नंतर त्यांना जबलपूरच्या तुरुंगात ठेवलं. तिथे त्यांनी दोन पुस्तकं लिहिली. एक येशूच्या शिकवणुकीवर, दुसरं टिकाऊ अर्थव्यवस्थेवर. दोन्ही 1945 मध्ये निघाली, दोन्हींना गांधीजींची प्रस्तावना. एकाच कोठडीत, एकाच हातानं, एक पुस्तक देवाचं आणि एक भाकरीचं. मला वाटतं, त्यांच्या लेखी ते दोन विषय नव्हतेच.

ख्रिस्ती लोकांच्या रोजच्या प्रार्थनेतही भाकर मागितलेली आहे. मी त्या ताईंकडून ती म्हणून घेतली तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मागणारा 'मला' म्हणत नाही, 'आम्हाला' म्हणतो. दार लावून एकटीनं म्हटली तरी तिच्यात शेजारीण येते. गिरणी बंद पडून घरी बसलेला पुलगावचा कामगार येतो, कापसाला भाव नाही म्हणून रात्रभर जागणारी बाईही येते. मग प्रार्थनेनं काम मिळतं का? कुमारप्पांनी काय उत्तर दिलं असतं, मी सांगू शकत नाही. मला इतकं दिसतं की प्रार्थना करून ते उठले की जमाखर्चाची वही उघडत आणि काम कुठे गेलं ते शोधत.

नंतर काही काळ ते आपल्याच जिल्ह्यात सेलडोहला आश्रम करून राहिले, मग तमिळनाडूत गेले. लग्न केलं नाही. 30 जानेवारी 1960 ला, गांधीजींच्याच पुण्यतिथीला, मद्रासला गेले.

या महिन्यात त्या ताई बैठकीला आल्या. मी काही समजावलं म्हणून नाही, गटातल्या दोघी त्यांना हाताला धरून घेऊन आल्या. त्यांचा हप्ता तीन महिने पुढे ढकलायचा ठराव झाला. सचिव नवीन आहे, तिनं पेन थांबवून विचारलं, "कारण काय लिहू?"

आम्ही एकमेकींकडे पाहत होतो. त्या ताईच बोलल्या, "लिव्हा, कोनी काम देलं नाही."

तिनं तसंच लिहिलं.