विषारी नांगर

लोखंडानं माती विषारी होते, असं शेतकरी म्हणत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर घडवला, पण गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षं गेली. गंमत अशी, की लाकडी नांगराचा फाळही लोखंडाचाच असे! मग विष नेमकं कशात?

बाभळीचा नांगर जमीन उकरी, पलटत नसे. दोन तासांमधली कोरी माती मोडायला आडवी पाळी घालावी लागे आणि हरळीच्या काशा खालीच शाबूत राहत. लोखंडी नांगराच्या फाळामागं वळवलेला पंख होता. फाळानं कापलेली माती त्यानं उलटी पडली, काशा उन्हात पडल्या नि वाळल्या. मग मागणी वाढली. औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कारखान्याला जागा दिली आणि कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली.

विषाची शंका खोटीच होती. पण नुकसान झालं ते वेगळ्याच वाटेनं. काळ्या रानात दरसाल नांगर घालायची रीत फारशी नव्हती, कुळवाच्या पाळ्यांवर भागे. उन्हाळ्यात ते रान स्वतःच भेगाळतं आणि वरची भुसभुशीत माती भेगांत उतरते. पुढं नांगरट दरसाल होऊ लागली, तीही एकाच खोलीवर. त्यात वापसा यायच्या आत औत घातलं, की फाळाखालची चिकणमाती लिंपली जाते. बैलांच्या खुरांनी ती दबे, त्याहून जास्त तासात चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकानं दबते. वर लोण्यासारखी माती, खाली सारवल्यासारखा थर. पाणी त्यावरच तुंबतं. अशा रानातली पऱ्हाटी उपटून पाहा: सोटमूळ वीतभर सरळ जातं आणि तिथं कोपरासारखं वळतं.

यावरचा जुना उपाय एका शब्दात आहे, बेवड. मागच्या पिकानं रानात ठेवलेला गुण. तुरीचा, हरभऱ्याचा बेवड चांगला, हे कुणीही सांगेल. पुस्तकं त्याचं श्रेय मुळांवरच्या गाठींतल्या नत्राला देतात. मला त्यात तुरीच्या मुळाचाही वाटा मोठा दिसतो. ते खोल जातं, काढणीनंतर जागीच कुजतं आणि मागं उभी पोकळी उरते. पुढच्या पिकाची मुळं नि पावसाचं पाणी त्याच वाटेनं खाली उतरतं. गळलेल्या पाल्यानं वरची माती कणीदार होते ती वेगळीच.

रान वाट्यानं घेणारा माणूस आजही बांधावर उभा राहून नांगर कुठला, हे विचारत नाही. वाकून एक ढेकूळ उचलतो, मुठीत फोडतो आणि म्हणतो, “गेल्या साली काय होतं हो यात?”