मनिऑर्डरचा पैसा आणि कोकणातील कुटुंब

(१)

गरीब ग्रामीण कुटुंबाला कोणतीही अट न घालता रोख पैसा दिला, तर त्याच्या जीवनात कोणता पालट होतो, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत अर्थशास्त्राच्या अभ्यासात अग्रभागी आला आहे. केन्यातील रारिएडा भागात २०११ ते २०१३ या काळात 'गिव्हडायरेक्टली' या संस्थेने दिलेली रोख रक्कम, मध्य प्रदेशातील काही खेड्यांत त्याच सुमारास 'सेवा' या संघटनेने केलेला प्रयोग, आणि महाराष्ट्र शासनाने २०२४ साली सुरू केलेली 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना, यांनी या चर्चेला पुष्कळ साहित्य पुरविले आहे. मात्र बाहेरून नियमितपणे येणारा आणि खर्चाचे बंधन नसलेला पैसा ही खेड्यातील कुटुंबाला सर्वस्वी नवी गोष्ट आहे, असे या चर्चेत बहुधा गृहीत धरले जाते. महाराष्ट्रापुरते तरी हे गृहीत तपासून पाहणे अगत्याचे आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ मुंबईतून, आणि पुढे मुंबईच्या उपनगरांतून, कोकणातील घराघरांत असा पैसा मनिऑर्डरीने जात होता. त्याचा इतिहास आजच्या प्रश्नावर काही प्रकाश टाकतो काय, हे प्रस्तुत निबंधात पाहावयाचे आहे.

येथे एक आक्षेप प्रथमच विचारात घेतला पाहिजे. मनिऑर्डरचा पैसा हे दान नव्हते, अनुदानही नव्हते. तो घरातल्याच माणसाच्या घामाचा पैसा होता. हा भेद खरा आहे आणि तो पुसून टाकण्याचा येथे हेतू नाही. तथापि गावी राहिलेल्या कुटुंबाच्या बाजूने पाहिले असता दोहोंतील साम्यही तितकेच खरे ठरते. पैसा बाहेरून येतो, ठराविक मुदतीने येतो, आणि हाती पडल्यावर तो कसा खर्च करावा याविषयी देणाऱ्याला कायद्याने काही सांगता येत नाही. तुलना एवढ्याच मर्यादेत करावयाची आहे.

(२)

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिली कापड गिरणी काढली. त्यानंतरच्या पाव शतकात गिरण्यांची संख्या वाढत गेली, आणि १८८० साली टपाल खात्याने मनिऑर्डरची सोय सुरू केली. १८८१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ७,७३,१९६ भरली. तीत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्यांची संख्या एक लाखाहून अधिक होती. तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही येत असे. डोंगरउताराची तुटपुंजी जमीन, पावसावरचे भाताचे एकच पीक, वरकस जमिनीवरची नाचणी-वरी आणि या सर्वांवर खोताचा हक्क, अशा स्थितीत घरातील एक पुरुष मुंबईस धाडणे हाच अनेक कुटुंबांना निर्वाहाचा मार्ग होता.

मनिऑर्डरची रीत साधी होती. टपाल कचेरीत फॉर्म भरून रक्कम आणि कमिशन द्यावयाचे. पुढल्या काळात हे कमिशन शेकडा पाच पडत असे. गावचा पोस्टमन रक्कम दारात आणून देई आणि पैसे घेणाऱ्याची सही किंवा साक्षीदारासमक्ष अंगठा घेई. फॉर्मच्या तळाशी मजकुरासाठी एक कुपन असे आणि ते पैसे घेणाऱ्याकडे राही. या चिठोऱ्याला सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने मोठे महत्त्व आहे. कायद्याने पैसा बिनशर्त होता, पण कुपनावर चार शब्द लिहिण्याची सोय असल्यामुळे वाण्याचे किती द्यावे, बियाण्याला किती ठेवावे, अशी सूचना पैशाबरोबरच धाडता येई. अट शासनाची नव्हती. ती नात्याची होती.

(३)

या पैशाने गावी काय केले? त्याचे दोन प्रवाह वेगळे ओळखले पाहिजेत. एक दरमहा येणाऱ्या मनिऑर्डरचा. दुसरा गणपतीला किंवा मे महिन्यात चाकरमानी स्वतः गावी येताना बरोबर आणी त्या रकमेचा. तीत बोनस असे, भिशीचे पैसे असत, क्वचित उसनवारीही असे. पहिला प्रवाह स्वयंपाकघरात जिरे. घरचे भात सरले की पुढील पीक येईपर्यंतचे तांदूळ, मीठ, तेल, चहा-साखर, मुलांच्या शाळेचा किरकोळ खर्च, औषधपाणी, हे सारे त्यात बसवावे लागे. दुसऱ्या प्रवाहातून घर उभे राही. गवताने शाकारलेले छप्पर जाऊन कौले आली, मातीच्या भिंतीच्या जागी चिऱ्याची भिंत आली, विहीर खणली गेली, लग्ने उरकली, आंब्याची कलमे लागली.

केन्यातील प्रयोगाचे निष्कर्ष योहानेस हौसहोफर आणि जेरेमी शापिरो यांनी २०१६ साली प्रसिद्ध केले. त्यांत हाच भेद दिसून येतो. दरमहा रक्कम मिळालेल्या कुटुंबांत अन्नाची निश्चिती अधिक वाढली, तर एकरकमी पैसा मिळालेल्यांनी तो टिकाऊ वस्तूंत अधिक घातला. गवती छप्पर काढून पत्रे घालण्याकडे तेथेही लोकांचा ओढा होता. दारू-तंबाखूवरील खर्च मात्र वाढल्याचे आढळले नाही. दोन खंडांतील दोन भिन्न समाजांत पैशाची वाट सारखी निघावी, याचे कारण गरिबाच्या स्वभावात शोधण्याचे प्रयोजन नाही. ते पैशाच्या मुदतीत आहे. थोडा थोडा येणारा पैसा रोजची भूक मागते. एकदम आलेला पैसा छपरापर्यंत पोहोचू शकतो.

(४)

परंतु मनिऑर्डर घरात येण्यापूर्वीच तिच्यावर हक्क सांगणारे उंबऱ्याशी उभे असत, ही गोष्ट आधुनिक प्रयोगांच्या चर्चेत पुरेशी येत नाही. खोती गावात कुळाने पिकाचा हिस्सा द्यावयाचा, शिवाय वेठही करावयाची. पीक बुडाले की ही बाकी रोख पैशातून भागवावी लागे. त्याखेरीज वाण्याची उधारी होतीच. मुंबईच्या टोकालाही हीच कथा होती. मुंबई सरकारच्या मजूर कचेरीने १९२१-२२ साली कामगारांच्या कौटुंबिक जमाखर्चाची पाहणी केली, तीत शेकडा ४७ कुटुंबे कर्जबाजारी आढळली. म्हणजे पैसा धाडणारा कर्जात आणि घेणारा बाकीत, अशा दोन ओढींमधून ही रक्कम वाट काढीत होती.

खोतीविरुद्धच्या लढ्याचा अर्थ या दृष्टीने पाहिला पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. खोती कायद्याने रद्द झाली ती १९४९ साली. १ एप्रिल १९५७ हा 'कृषकदिन' ठरून कुळे जमिनीची मालक होऊ लागली. खरेदीची किंमत हप्त्यांनी भरावयाची होती, आणि ज्या घरी मुंबईचा पैसा येत होता त्या घराला हे हप्ते भरणे तुलनेने सुकर होते. जो पैसा पूर्वी खोताची बाकी भागवीत असे, तोच आता जमीन नावावर करण्याच्या कामी येऊ शकला. रक्कम तीच, पण तिचे फळ बदलले, कारण तिच्या भोवतीचे हक्कसंबंध बदलले.

दुसरा प्रश्न घरातील हक्कांचा. मनिऑर्डर बहुधा वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावे येई. शेत राखणारी, लावणी-कापणी करणारी आणि मुले वाढविणारी स्त्री पैशाची प्रत्यक्ष धनीण क्वचितच असे. २०११ च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत, तर मुंबई उपनगर जिल्ह्यात ८६०. हे दोन आकडे शेजारी ठेवले की एकाच कुटुंबाचे दोन अर्धे दिसतात. गावी राहिलेल्या अर्ध्याने आपले श्रम फुकट दिले, म्हणून मुंबईतील एकट्या पुरुषाच्या वेतनावर गिरणीला भागविता आले. म्हाताऱ्यांची काळजी, मुलांचे पालनपोषण, आजारपणातील विसावा हा सारा खर्च गावाने उचलला. मनिऑर्डर ही त्या खर्चाची केवळ अंशतः भरपाई होती. १९३१ साली व्हिटले आयोगाने कामगाराचा गावाशी असलेला संबंध ही जमेची बाजू मानली. ती कोणाच्या जमेची, हा प्रश्न मात्र उरतो.

(५)

स्वातंत्र्यानंतर या इतिहासाचे केंद्र हळूहळू उत्तरेस सरकले. मुंबई महापालिकेची हद्द १९५० साली जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली. कुर्ल्यापासून घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंडपर्यंतच्या पट्ट्यात, तसेच अंधेरी आणि कांदिवलीच्या बाजूस, यंत्रे, मोटारी, रसायने आणि औषधे यांचे कारखाने उभे राहिले. गिरणगावातील गाळ्यात वळकटी टाकून राहणारा आणि खानावळीत जेवणारा पुरुष एकटा होता. उपनगरातील टेकडीउतारावर झोपडी किंवा चाळीतील खोली मिळविणारा कामगार पुष्कळदा बायको-मुलांना घेऊन आला. त्यामुळे एका वेतनावर दोन चुली पेटू लागल्या. ज्या क्षणी घाटकोपरची किंवा बोरिवलीची चूल हे मुख्य घर झाले, त्या क्षणापासून गावच्या चुलीकडे जाणारा पैसा दर महिन्याचा न राहता प्रसंगाचा होऊ लागला. बायकोला दरमहा पैसे धाडण्याचे कारण उरले नाही. आईवडिलांपुरते ते उरले, आणि त्यांच्यामागे तेही सरले. कुटुंबाच्या दृष्टीने हे एकत्र येणे होते. गावाच्या दृष्टीने तो एका नियमित उत्पन्नाचा शेवट होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा या व्यवस्थेची दुसरी बाजू उघड झाली. पगार थांबले, मनिऑर्डरी थांबल्या, आणि पुष्कळ कामगार गावी परतले. शंभर वर्षे ज्या घराने पैसा घेतला त्या घराने आता माणूस पोसला. पैशाचा ओघ आटल्यावरही घर तग धरून राहिले, ते जेथे जमीन नावावर होती तेथे अधिक. ज्यांच्या घरी पैसा नुसता खाण्यात गेला होता, त्यांना परतण्यासही आधार उरला नव्हता.

(६)

मनिऑर्डरची जुनी कागदी पद्धत २०१५ पर्यंत इतिहासजमा झाली. तिच्या जागी बँकेतील खाते आले, आणि आता त्याच खात्यात शासनाचे अनुदानही येते. 'लाडकी बहीण' योजनेत २१ ते ६५ वर्षे वयाच्या, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या स्त्रियांना दरमहा १५०० रुपये देण्याचे ठरले. योजनेत पात्रतेच्या अटी आहेत, खर्चाच्या नाहीत. मनिऑर्डरच्या इतिहासाशी ताडून पाहता एक फरक ठळकपणे नजरेत भरतो: पैसा प्रथमच, आणि एवढ्या मोठ्या प्रमाणावर, स्त्रीच्या स्वतःच्या नावे येत आहे. मध्य प्रदेशातील प्रयोगातही प्रौढ स्त्रीला तिची रक्कम स्वतंत्रपणे मिळत होती. तेथे अन्नावरील खर्च आणि मुलांची शाळेतील हजेरी वाढली, आणि काही कुटुंबे मजुरी कमी करून स्वतःच्या शेतीकडे वळली. मात्र वळण्यास शेत असावे लागते.

या इतिहासावरून असे म्हणता येईल की, पैसा बिनशर्त आहे की नाही एवढ्यावर त्याचे फळ ठरत नाही. तो ज्या कुटुंबात पोहोचतो ते कुटुंब किती शर्तींनी बांधलेले आहे, हेही पाहावे लागते. दरमहाची रक्कम भूक भागविते, आणि ही गोष्ट लहान नव्हे. पण तिने घर उभे राहावे असे वाटत असेल तर जमीन, कर्ज आणि घरातील स्त्रीचा अधिकार या तीन ठिकाणच्या गाठी वेगळ्या सोडवाव्या लागतात. कोकणातील कुळाच्या घरी पैसा १८८० पासून येत होता. जमीन नावावर होण्यास १९५७ उजाडावे लागले. आजच्या अनुदानांचे मूल्यमापन करू पाहणाऱ्या अभ्यासकाने केवळ खात्यात जमा झालेली रक्कम न मोजता, तिच्यावर घराच्या आत आणि बाहेर कोणाकोणाचा हक्क आहे, याचीही नोंद ठेवली पाहिजे.