प्रयोगशाळेतील कर्मणी प्रयोग

'प्रयोग' हा शब्द मराठीत व्याकरणात आहे तसाच प्रयोगशाळेतही आहे. शास्त्रीय शोधनिबंध वाचताना हा श्लेष आम्हांस नेहमी आठवतो; कारण तेथे प्रयोग करणारा कर्ता वाक्यातून बहुधा नाहीसा झालेला असतो. नमुने तापवले जातात, काहीतरी आढळून येते. कोणी तापवले, कोणाला आढळले, हे विचारायचे नसते.

१९५७ साली सी. डी. ग्रॅहम या अमेरिकी धातुशास्त्रज्ञाने 'मेटल प्रोग्रेस' या नियतकालिकात शोधनिबंधांतील वाक्प्रचारांचा एक छोटेखानी विनोदी कोश प्रसिद्ध केला. एका बाजूस निबंधातील शब्दप्रयोग, दुसऱ्या बाजूस त्याचा गर्भितार्थ. एखादी गोष्ट दीर्घकाळ ज्ञात असल्याचे लिहिले असेल, तर लेखकाने मूळ संदर्भ शोधण्याचे कष्ट घेतलेले नाहीत. सखोल अभ्यासासाठी तीनच नमुने निवडले, कारण उरलेल्यांचा अर्थ लागेना. 'प्रातिनिधिक' निष्कर्ष म्हणजे अर्थातच सर्वोत्तम. हा कोश पुढे हातोहात नकलला गेला, त्यात भर पडत गेली आणि अनेक प्रतींतून ग्रॅहम यांचे नावच गळाले. (मराठी समीक्षकांनीही फार हसू नये. आपले 'सर्वश्रुत आहे' कोणी कोठे ऐकलेले असते?)

शास्त्रीय गद्य आरंभापासून असे नव्हते. रॉबर्ट बॉइल यांच्या हवेवरील प्रयोगांच्या १६६० च्या ग्रंथात 'मी' सर्वत्र वावरतो आणि फसलेले प्रयोगही सांगतो. निर्वैयक्तिकता नंतर रूढ झाली. शोधनिबंधाचा साचा विचाराच्या खऱ्या वाटेविषयी दिशाभूल करतो, असे पीटर मेडावार यांनी १९६३ साली बीबीसीवरील भाषणात सांगितले, ते विनोदाने नव्हे.

ग्रॅहम यांच्या कोशातील सर्वांत बोचरी नोंद मात्र आभारांविषयीची आहे. प्रयोगांतील साहाय्याबद्दल एकाचे आणि मोलाच्या चर्चेबद्दल दुसऱ्याचे आभार मानले असतील, तर काम पहिल्याने केले आणि त्याचा अर्थ दुसऱ्याने समजावून दिला, असे समजावे.

ही नोंद वाचताना आम्हांस २५ एप्रिल १९५३ चा 'नेचर'चा अंक आठवतो. डीएनएच्या रचनेवरील वॉटसन व क्रिक यांचा निबंध जेमतेम पानभराचा. विल्किन्स, फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांच्या अप्रकाशित निष्कर्षांच्या सर्वसाधारण स्वरूपाची माहिती आपणांस होती व तिने चालना मिळाली, असे ते शेवटी नोंदवतात. आणि त्याच अंकातील त्यांच्या निबंधांतला तपशील आपणांस रचना करताना ठाऊक नव्हता, असेही आधी म्हणतात. येथे कर्मणी प्रयोग नाही. कर्ता चक्क 'आम्ही' आहे. (हे सर्वनाम वापरणाऱ्या आम्हांस ते जरा लागलेच.) वस्तुतः जानेवारीत विल्किन्स यांनी वॉटसनना रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेतील, रेमंड गॉसलिंग यांनी काढलेले क्ष-किरण छायाचित्र दाखवले होते. फेब्रुवारीत फ्रँकलिन यांची मोजमापे असलेला अहवाल मॅक्स पेरुट्झ यांच्याकडून केंब्रिजच्या या दोघांपर्यंत पोहोचला. तो गोपनीय नव्हता, हे खरे. पण फ्रँकलिनना कोणी विचारलेही नव्हते. छायाचित्राची कथा वॉटसन यांनी १९६८ साली पुस्तकात स्वतःच सांगितली. फ्रँकलिन १९५८ मध्येच, सदतिसाव्या वर्षी वारल्या होत्या.

त्या अंकात फ्रँकलिन व गॉसलिंग यांचा निबंध तिसरा आहे. आपल्या सर्वसाधारण कल्पना वॉटसन-क्रिक यांच्या प्रतिकृतीशी विसंगत नाहीत, असे त्यात नम्रपणे म्हटले आहे. जिच्या उभारणीत त्यांचीच मोजमापे वापरली गेली, तिच्याशी त्या विसंगत असणार तरी कशा?