वणव्यानंतरचा पाट : मिरगाच्या आधी काय बघायचं, काय करायचं

वणवा एका रात्रीत विझून जातो. पाटाचं खरं नुकसान होतं ते त्यानंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात. उघड्या पडलेल्या उतारावरून राख, माती, दगड आणि जळकी लाकडं ओढ्यात येतात, ओढ्यातून पाटात येतात आणि एखाद्या मोरीत अडकतात. पाण्याला वाट मिळाली नाही की ते पाटाची भराव फोडतं. मग आग लागली होती डोंगरात, आणि धान वाळतं टेलच्या शेतकऱ्याचं. म्हणून वणवा लागल्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंतचे आठवडे पाटाच्या देखभालीसाठी सगळ्यात महत्त्वाचे असतात.

जुन्या आदिलाबादचा वारसा

११ ऑक्टोबर २०१६ ला जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमुरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. या जुन्या जिल्ह्यातला सगळ्यात नावाजलेला पाट म्हणजे गोदावरीवरच्या सदरमाट बंधाऱ्याचा कालवा. खानापूरजवळचा हा बंधारा निजामाच्या काळात, १८९१-९२ मध्ये बांधला गेला. हे मोठा साठा करणारं धरण नाही. नदीचं पाणी उंचावून कालव्यात वळवायचं, एवढंच त्याचं काम. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने सदरमाटला वारसा सिंचन रचनेचा मान दिला. त्याच वर्षी कामारेड्डीच्या पेद्द चेरुवूलाही हा मान मिळाला.

या भागाच्या पाठीशी कव्वालचं सागवानी जंगल आहे. १९६५ मध्ये ते अभयारण्य झालं आणि २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्प. पैनगंगेच्या अलीकडे यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वर, किनवट-माहूर पट्ट्यातले डोंगर, हे सगळं याच जातीचं पानझडी जंगल. फेब्रुवारीपासून सागाचं पान गळतं, एप्रिलपर्यंत जमिनीवर वाळक्या पानांचा थर साचतो, आणि एक ठिणगी पुरते. मोहफूल वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवणं, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून लावलेली आग, जंगलाला लागून असलेल्या शेतातला धुरा जाळणं, रस्त्याकडेला फेकलेली बिडी, अशी कारणं वर्षानुवर्षं तीच आहेत.

आगीनंतर जमिनीचं काय होतं?

पानांचा थर पावसाचा मार झेलतो, पाणी अडवतो आणि हळूहळू जमिनीत मुरवतो. तो जळाला की थेंब थेट मातीवर आपटतो. सागाच्या बाबतीत हे आणखी वाईट. त्याच्या रुंद पानांवरून पाण्याचे मोठे थेंब जमून पडतात आणि झाडाखाली गवत-पाला नसेल तर मातीच उडवतात. राखेचे बारीक कण मातीची छिद्रं बुजवतात. आग फार तापलेली असेल तर पाल्यातला मेणासारखा अंश वाफ होऊन खालच्या थरात गोठतो आणि तिथे पाणी मुरतच नाही. आपल्याकडे बहुतेक वणवे जमिनीलगतचे असतात, शेंड्यापर्यंत जात नाहीत, त्यामुळे हा शेवटचा प्रकार कमी दिसतो. पण पाल्याचं पांघरूण जातं ते जातंच. नेहमीच्याच पावसात ओढा लवकर आणि जास्त गढूळ भरून येतो.

नदीकाठाने जाणाऱ्या पाटाला डोंगराकडून येणारे ओढे, तेलुगूत वागू, आडवे येतात. पाट फुटतो तो बहुधा याच ठिकाणी.

मिरगाच्या आधीची कामं

*आधी चालून बघणं.* भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीची ठिकाणं टिपते आणि नाव नोंदवणाऱ्याला मोबाइलवर सूचना पाठवते. पण उपग्रहाचा एक ठिपका जमिनीवर शेकडो मीटरचा असतो. आपल्या ओढ्याचं पाणलोट जळलं की शेजारचं, हे चालूनच कळतं. तोंडापासून टेलपर्यंत पाट चालावा, कुठला ओढा कुठे आडवा येतो आणि त्याच्या वर किती जळालं, ते वहीत लिहावं.

*जळकी मुळं शोधणं.* पाटाच्या भरावीवरचं झाड जळालं तर मुळं आतल्या आत धुमसत राहतात आणि मातीत पोकळ नळ्या सोडतात. वरून भराव धडधाकट दिसते, पाणी सोडलं की त्या नळीतून गळती सुरू होते आणि भराव खचते. अशी जागा काठी खुपसून तपासावी, पोकळी उकरावी, चिकण माती थोडी थोडी ओली करून थराथराने धुमसाने ठोकून भरावी. नुसती माती लोटून वरून पाय मारला तर ती पहिल्याच पाण्यात बसते. उंदीर-घुशीची बिळंही त्याच वेळी बुजवावीत.

*मोऱ्या आणि सांडवे मोकळे करणं.* गाळ काढताना पाटाचा मधला भाग आधी करण्याचा मोह होतो. आगीनंतर मात्र पहिला मान मोऱ्यांचा आणि सांडव्याचा. मोरीच्या वरच्या अंगाला थोडं अंतर सोडून तिरपे गज किंवा मजबूत खुंट लावले तर लाकडं तिथे अडतात. पण प्रत्येक पावसानंतर तिथला कचरा काढायला माणूस हवा, नाहीतर तोच बांध होऊन बसतो.

*गाळाला थांबा देणं.* ओढ्याचं पाणी पाटात घेतलं जातं तिथे पाट थोडा रुंद आणि खोल केला की पाण्याचा वेग मंदावतो आणि गाळ तिथेच बसतो. साऱ्या पाटाचा गाळ काढण्यापेक्षा एका खड्ड्याचा काढणं स्वस्त पडतं. काढलेला गाळ वरच्या काठावर टाकू नये, पुढच्या सरीत तो परत खाली येतो.

*पहिला पूर सोडून देणं.* पहिल्या पावसाचं काळं पाणी पाटात घेण्याची घाई नको. तोंडाचं गेट बंद ठेवावं, सांडवा उघडा ठेवावा, राख नदीला जाऊ द्यावी. हे पाणी जनावरांच्या पिण्यालाही चांगलं नाही.

*जुनं बांधकाम जपणं.* चुन्यातलं दगडकाम तापलं की दरजा सुटतात आणि दगडाचे पापुद्रे निघतात. तिथे चुन्याचाच माल वापरावा. सिमेंट कडक असतं, ओल आत कोंडून ठेवतं आणि कडेचा जुना दगड फोडतं.

परवानगी आणि पैसा

पाट गावाचा असला तरी वरचा उतार बहुधा वनखात्याचा असतो. तिथे दगडी अडवण घालायची, खड्डा खणायचा किंवा जळकं लाकूड हलवायचं तर वनखात्याला विचारावं लागतं. व्याघ्र प्रकल्पात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे नियमही लागतात. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये लहान सिंचन कालवे आणि छोटे जलसाठे यांसारख्या सरकारी सोयींना, ग्रामसभेची शिफारस असेल तर, प्रत्येक ठिकाणी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देण्याची तरतूद आहे. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडता येत नाहीत. ग्रामसभेचा ठराव म्हणून वेळेवर करून ठेवावा.

कामासाठी पाणी वापर संस्था हा आधार आहे. तेलंगणात त्या १९९७ च्या आंध्र प्रदेशच्या कायद्यापासून आल्या, महाराष्ट्रात २००५ चा कायदा आहे. जुन्या जलसाठ्यांचा गाळ काढणं आणि सिंचनाचे कालवे ही कामं २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या मूळ यादीतच होती. तेलंगणात १२ मार्च २०१५ ला सुरू झालेलं मिशन काकतीय आणि महाराष्ट्रातली २०१७ ची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना, दोन्हींत निघालेला गाळ शेतकऱ्यांनी शेतात नेला. मात्र राख-गोट्यांचा ताजा गाळ तसाच शेतात टाकू नये, गोटे वेचून घ्यावेत.

दूरच्या मुलखातला धडा

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात ‘असेकिया’ नावाचे शेकडो वर्षांचे गावपाट आहेत. दर वसंतात सगळे हिस्सेदार मिळून ते साफ करतात, आणि ‘मायोर्दोमो’ हा त्यांचा पाटकरी पाण्याची पाळी ठरवतो. एप्रिल २०२२ मध्ये तिथे वनखात्याने स्वतः लावलेल्या नियंत्रित आगी हाताबाहेर गेल्या. सुमारे ३ लाख ४१ हजार एकर जंगल जळालं. पाठोपाठ तिथला पावसाळा आला आणि आगीतून वाचलेले पाटही राख, गाळ आणि दगडांनी बुजले. भरपाईचा कायदा सप्टेंबर २०२२ मध्ये झाला, पण नुकसान किती हे मांडायला आधीचे पुरावे लागतात. पाटाचे फोटो, मापं, हिस्सेदारांची यादी आगीआधीच काढून ठेवावी, हा त्यातला धडा.

शेवटी माणूसच

धुळे भागात पांझरेवर फड पद्धत शेकडो वर्षं टिकली, कारण पाट बघायला पाटकरी होता आणि त्याची मजुरी हिस्सेदार देत. तेलंगणाच्या तळ्यांवर हेच काम नीरटी करायचा. तळ्याचं पाणी सोडणं, गळती बघणं, रात्री-अपरात्री सांडवा उघडणं त्याच्याकडे. वणव्यानंतरच्या पावसाळ्यात अशा माणसाची गरज सगळ्यात जास्त असते, कारण मोरी तुंबते ती रात्रीच्या पावसात, मंजुरीची वाट न बघता. उतारावर गवत आणि पाला पुन्हा धरायला एक-दोन पावसाळे जातात. तोवर प्रत्येक मोठ्या सरीनंतर कुणीतरी खांद्यावर फावडं टाकून पाटावरून चालून यायला हवं. त्या माणसाची पाळी आणि मजुरी गावाने मिरगाच्या आधी ठरवली, तर टेलला पाणी पोचतं.