सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ मैदानाची निगा

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट अँड्र्यूज येथील 'ओल्ड कोर्स' हे जगातील सर्वांत जुन्या गोल्फ मैदानांपैकी एक होय. ते कोणा धनाढ्य क्लबच्या मालकीचे नाही. ही जमीन सार्वजनिक असून, संसदेच्या कायद्यान्वये १९७४ साली स्थापन झालेला सेंट अँड्र्यूज लिंक्स ट्रस्ट तिची व्यवस्था पाहतो. दूरदेशीचे खेळाडू येथे भरघोस शुल्क मोजून खेळतात, आणि खेळ बंद असलेल्या रविवारी गावकरी याच हिरवळीवर फिरावयास येतात. एवढी वर्दळ सोसूनही मैदान सुस्थितीत ठेवणे हे तेथील कर्मचाऱ्यांचे खरे कसब.

या कामाला शिस्त लावली ती टॉम मॉरिस यांनी. १८६५ ते १९०३ या काळात ते येथील मैदानरक्षक होते. गवतावर वाळूचा पातळ थर देण्याच्या पद्धतीचे श्रेय त्यांना दिले जाते. वाळूमुळे पाण्याचा निचरा होतो, पृष्ठभाग समतल राहतो आणि चेंडू सरळ धावतो. रविवारी मैदानाला विश्रांती मिळालीच पाहिजे, याबाबतही ते आग्रही होते. मोठ्या स्पर्धांचा अपवाद वगळता ही प्रथा आजही पाळली जाते.

ग्राहकाला दिसते ते नुसते हिरवेगार मैदान; त्यामागची धावपळ पहाटेच उरकलेली असते. गवतावरील दव झाडले जाते, 'ग्रीन'वरील गवत कापले जाते आणि 'होल'ची जागा बदलली जाते. १०८ मिलिमीटर व्यासाच्या त्या खळगीभोवती खेळाडूंची पावले पडून गवत दबते, काठही झिजतो. म्हणून नवी खळगी पाडताना निघालेला मातीचा गड्डा जुन्या खळगीत बसवतात. तो किंचित वर राहिला तर गवतकापणी यंत्र त्याला खरवडते, खाली गेला तर चेंडू वाट सोडतो. वरकरणी क्षुल्लक वाटणारे हे काम नवख्याच्या हाती सहसा दिले जात नाही, ते यामुळेच.

मैदानावर शंभराहून अधिक बंकर आहेत. गवताच्या लाद्या विटांसारख्या एकावर एक रचून त्यांच्या उभ्या भिंती बांधतात. ज्या भिंतीवर ऊन अधिक पडते ती लवकर वाळते आणि ढासळते, त्यामुळे ठराविक काळाने त्या नव्याने रचाव्या लागतात. वाळूतील पावलांचे ठसे दाताळ्याने पुसणे हे मात्र खेळाडूचे कर्तव्य मानले जाते. हिवाळ्यात गवताची वाढ खुंटते. त्या दिवसांत खेळाडूने लहानशी चटई जवळ बाळगायची आणि फेअरवेवर चेंडू तिच्यावर ठेवून मारायचा, असा दंडक आहे.

देखणेपणाचा हव्यास कधी अंगलटही येतो. अठराव्या होलच्या वाटेवरील स्विल्कन पूल सुमारे ७०० वर्षांचा मानला जातो. मेंढपाळांच्या जनावरांसाठी तो बांधला गेला. छायाचित्रासाठी तेथे थांबणाऱ्यांच्या पायांखाली पुलालगतचे गवत टिकेना, तेव्हा २०२३ च्या फेब्रुवारीत ट्रस्टने तेथे गोलाकार दगडी फरशी बसवली. उपाय व्यवहार्य असला तरी पुरातन पुलाला एखाद्या बंगल्याच्या अंगणाची कळा आली. जगभरातील गोल्फप्रेमींनी टीकेची झोड उठवताच काही दिवसांतच फरशी काढून पुन्हा हिरवळ अंथरण्यात आली. छायाचित्रासाठी थांबणाऱ्यांची गर्दी मात्र कायम आहे.