गुप्तीची शेंबी

गेल्या दिवाळीत माझा मावसभाऊ नांदेडहून आखाडा बाळापूरला आला, तो कमरेला पिस्तूल लावून. परवान्यासाठी दोन वर्षं खेटे घातलेले. पिस्तूल पॉइंट थ्री टू, सरकारी कारखान्यातलं. पण पिस्तुलापेक्षा जास्त वेळ तो मला मोबाइलवर दुसरंच दाखवत होता: रबरी ग्रिप, नळीखाली लावायचा टॉर्च, लाल ठिपका पाडणारा लेझर, पँटच्या आत बसणारं होल्स्टर.

“दादा, काय काय लावू सांग की. तू इतिहासवाला.”

इतिहासवाल्याला एवढंच ठाऊक होतं की १९५९ च्या शस्त्र कायद्यात आवाज किंवा जाळ दाबणारी ॲक्सेसरी स्वतःच अग्निशस्त्र मानली जाते, तेव्हा त्या वाटेला जायचं नाही. आणि २०१६ च्या नियमांप्रमाणे पिस्तूल चारचौघांत न्यायचं तर होल्स्टरमध्येच. बाकी मी काय सांगणार? उठलो आणि खुंटीवरची आजोबांची काठी काढून त्याच्या हातात दिली.

काठी म्हणजे गुप्ती. वरून साधी शिसवी काठी, आत दोन वितींचं पातं.

हत्याराला मागाहून काहीतरी जोडायची हौस आपल्याकडे जुनीच. उघड मिरवायच्या तलवारीचं सोपं होतं. सतराव्या शतकात युरोपातून पाती यायची, सोलिंगेनची, तोलेदोची, आणि इथले कारागीर त्यांना इथली मूठ बसवायचे. मुठीच्या मागे गज निघालेला, म्हणजे वेळ पडली तर दोन्ही हातांनी धरता यावी. अशा तलवारीला नावच पडलं फिरंग. पातं तिकडचं, मूठ इकडची. तुमच्या भाषेत आफ्टरमार्केट.

लपवायच्या हत्याराचं गणित उलटं. वाघनखं घ्या. मूठ आवळली की नखं तळव्यात जातात आणि बाहेर दिसतात त्या फक्त अंगठ्या. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याला आली, तेव्हा मीही जाऊन आलो. सगळे नखांकडे बघत होते, मी अंगठ्यांकडे. (ती प्रतापगडावरचीच, असं खुद्द ते म्युझियमही छातीठोकपणे सांगत नाही. पण ते भांडण पुन्हा कधीतरी.)

किंवा १९०९ सालची ब्राउनिंग पिस्तुलं. सावरकरांनी लंडनहून पाठवलेली वीस पिस्तुलं पेटीच्या चोरतळातून मुंबईला आली. २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे ब्राउनिंग घेऊनच बसला होता, आणि कलेक्टर जॅक्सन आत येताच त्यानं गोळ्या झाडल्या. कान्हेरे राहायचा औरंगाबादला, म्हणजे आमच्यासारखाच निजामाच्या राज्यात. ब्राउनिंग चपटं असतं, रिव्हॉल्व्हरसारखं फुगीर चक्र नसतं. वर कोट घातला की झालं.

आजोबांनी गुप्ती घेतली ती १९४७ च्या हिवाळ्यात, हिंगोलीच्या बाजारात. तेव्हा ते तेवीस वर्षांचे, कापसाच्या अडतीवर मुनीम. बाळापूर त्या वेळी परभणी जिल्ह्यात. रझाकारांच्या बातम्या रोज यायच्या आणि अंगावर रोकड घेऊन एकट्यानं फिरावं लागायचं. गुप्ती घेऊन त्यांचं भागलं नाही. चालताना पातं आत खुळखुळायचं, म्हणून चपला शिवणाऱ्याकडून तोंडाशी चामड्याची पट्टी बसवून घेतली. टोक झिजेल म्हणून पितळी शेंबी. घामानं हात सटकेल म्हणून मुठीला सुतळी, वर लाखेचा हात. मग मनगटात अडकवायला वादी. आजी म्हणायची, “अर्धा पगार त्या काठीतच गेला.”

एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही, आणि माझ्या मते पहिल्यांदा हत्यार घेणाऱ्या कुणाच्याच ती लक्षात येत नाही. जे जे लावलं ते काठी काठीच दिसावी म्हणून. ती बाहेर निघायलाही हवी, याचा विचार राहून गेला.

१३ सप्टेंबर १९४८ ला फौजा हैदराबाद राज्यात शिरल्या, १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. आमच्याकडे अजूनही लोक ‘ॲक्शनच्या वर्षी’ असं म्हणतात. पुढचं मात्र कमी बोलतात. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं नंतर लिहिलं की ॲक्शनच्या काळात आणि नंतर कमीत कमी २७ ते ४० हजार माणसं मेली, बहुतेक मुसलमान. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत शेजारचं नांदेड होतं.

त्याच दिवसांतली एक संध्याकाळ. आठवडाभर पावसाची झड. आजोबा पांदीनं घरी येत होते. ज्वारीतून दोन माणसं अचानक समोर आली. आजोबांनी मूठ धरून ओढली. निघेना. पावसानं लाकूड फुगलेलं, चामडं भिजून जाड झालेलं. परत ओढली. वादी मनगटात रुतली.

तोवर पुढच्या माणसानं तोंडावरचं फडकं काढलं. “मुनीमजी, मी.” गावातलाच मणियार. आजोबांच्या आईच्या हातात बांगड्या भरायचा तो. मागे त्याचा पोरगा. त्यांना पैनगंगा ओलांडून उमरखेडकडे, वऱ्हाडात जायचं होतं. तो मुलूख निजामाचा नव्हता. काही महिन्यांपूर्वी रझाकारांच्या भीतीनं आपले लोक त्याच नदीपलीकडे पळाले होते. आजोबांनी वाट दाखवली, रुमालातली भाकरी दिली. दोघं पोचले की नाही, कधी कळलं नाही.

ही गोष्ट आजोबांनी मला एकदाच सांगितली, तीही मी बारावीत असताना. शेवटी म्हणाले, “निघाली असती तर मी विचारलं नसतं कोण हाय म्हणून.”

शस्त्र नियमांत तलवारींच्या यादीत गुप्तीही येते, तर ही घरात ठेवता येते का, असं मावसभावानं विचारलं. परवाना लागतो तो सरकारनं अधिसूचना काढलेल्या भागात, असं मी सांगत होतो, तोवर त्यानं मूठ धरून ओढलीही. हलली नाही.

“गंजली वाटतं.”

“शेंबी बघ.”

खालची शेंबी जुनी, काळवंडलेली. वर तोंडाशी मात्र दुसरी पितळी कडी आहे आणि तिच्यातून आरपार गेलेला खिळा, दोन्ही बाजूंनी ठोकून सपाट केलेला. तो आजोबांनी दिवाळीच्या आधी लोहाराकडून मारून घेतला होता. पुढे पन्नास वर्षं ते ही काठी टेकत चालले.

मावसभाऊ बराच वेळ खिळ्यावरून अंगठा फिरवत बसला. मग त्यानं फोन उचलला, होल्स्टर ठेवलं आणि बाकीची यादी उद्या बघतो म्हणाला.