छत्री की कवच?

इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद अशा गावांतील कित्येक मराठी घरांतला एखादा मुलगा वा मुलगी आज इंग्लंडमध्ये संगणकाच्या व्यवसायात आहे. ही मंडळी काही वर्षे नोकरी करतात आणि मग एके दिवशी घरी कळवितात, की आपण आता ‘कॉन्ट्रॅक्टर’ झालो. आपल्याकडे कॉन्ट्रॅक्टर म्हटले म्हणजे पूल आणि रस्ते बांधणारा गृहस्थ डोळ्यांपुढे उभा राहतो. तेथे मात्र ठराविक मुदतीसाठी आपले कौशल्य दिवसाच्या दराने विकणाऱ्यासही हेच नाव आहे. अशा माणसापुढे पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न उभा राहतो : स्वतःची लिमिटेड कंपनी काढावी, की ‘अंब्रेला’ म्हणजे छत्री कंपनीच्या आश्रयाला जावे? हा प्रश्न वरवर हिशेबनिसाचा वाटतो. परंतु त्यामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो ठाऊक नसल्यामुळे अनेकांना फार मोठी किंमत मोजावी लागली आहे.

प्रथम ‘लिमिटेड’ या शब्दाकडे वळू. १८४४ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये कंपनीची सर्वसाधारण नोंदणी सुरू झाली. पण धंदा बुडाल्यास भागीदाराच्या घरादारावर टाच येण्याचे भय कायमच राहिले. १८५५ मध्ये मर्यादित जबाबदारीचे तत्त्व कायद्यात आले आणि पुढल्याच वर्षी सात सह्या व नोंदणी एवढ्यावर कंपनी उभी करता येऊ लागली. १८५७ च्या कायद्याने ते तत्त्व हिंदुस्थानातही पोहोचले. या कवचाचे मोल काय, हे १८७८ मध्ये ग्लासगो शहराच्या बँकेने दाखवून दिले. तिच्या भागधारकांची जबाबदारी अमर्याद होती. बँक बुडाली तेव्हा ठेवीदारांचे देणे भागधारकांच्या खाजगी मालमत्तेतून वसूल झाले आणि त्यांतील बहुसंख्य लोक धुळीस मिळाले.

यानंतर रंगमंचावर येतो लंडनच्या व्हाइटचॅपेल भागातील पादत्राणांचा व्यापारी ॲरन सॉलोमन. १८९२ साली त्याने आपला चालता धंदा एका नव्या कंपनीस विकला. भागधारक सात : तो स्वतः, पत्नी, एक कन्या आणि चार पुत्र. एकूण २०,००७ भागांपैकी २०,००१ त्याचे. बाकीच्यांचा प्रत्येकी एक. शिवाय किमतीपैकी १०,००० पौंडांचे तारण कर्जरोखे त्याने आपल्याच नावे घेतले. वर्षभरात कंपनी डबघाईस आली. ही कंपनी म्हणजे सॉलोमनचेच सोंग आहे, असे खालच्या दोन्ही न्यायालयांनी ठरविले. निर्धन झालेल्या सॉलोमनने गरीब पक्षकार म्हणून हाउस ऑफ लॉर्ड्सकडे दाद मागितली. तेथे १८९६ च्या नोव्हेंबरात निकाल फिरला : कंपनीची रीतसर नोंदणी झाली, म्हणजे ती भागधारकांहून निराळी अशी कायद्यातील स्वतंत्र व्यक्ती झाली, मग सारे भाग व्यवहारतः एकाच्याच हाती का असेनात! आज लंडनमध्ये आपल्या घरातील मेजावर बसून एकट्याने कंपनी चालविणारा तरुण याच निकालाच्या आधाराने उभा असतो. फरक इतकाच, की १९९२ पासून तेथे एकच भागधारक पुरतो. आपल्याकडे ती सोय २०१३ च्या कंपनी कायद्याने झाली.

आता दुसरी बाजू पाहू. सॉलोमन व्यापारी होता. श्रम विकणाऱ्या माणसास हे कवच कशाला हवे होते? त्याचे उत्तर करवसुलीच्या इतिहासात सापडते. नोकर कोणास म्हणावे, याची प्रसिद्ध कसोटी १९६८ मध्ये तयार काँक्रीट वाहून नेणाऱ्या एका चालकाच्या खटल्यात मांडली गेली : काम स्वतःच केले पाहिजे काय, नियंत्रण कोणाचे आणि कराराच्या इतर अटी नोकरीशी जुळतात काय? मग १९७५ मध्ये एजन्सीमार्फत काम करणाऱ्यांचा मोबदला पगाराप्रमाणे करपात्र ठरविण्यात आला. साहजिकच अनेक एजन्सी कामगारास सांगू लागल्या, की स्वतःची कंपनी काढून ये. पगार थोडा आणि नफ्याचा लाभांश अधिक, अशी वाटणी केली म्हणजे राष्ट्रीय विम्याचा हप्ताही वाचे.

सरकारने हे पाहिले. शुक्रवारी नोकरी सोडावी आणि सोमवारी त्याच खुर्चीवर कंत्राटदार म्हणून येऊन बसावे, या प्रकाराचा उल्लेख करून महसूल खात्याने मार्च १९९९ मध्ये एक पत्रक काढले. त्याचा क्रमांक आय.आर. ३५, आणि तेच नाव पुढे एप्रिल २००० पासून अमलात आलेल्या नियमांना चिकटले. त्यांचा मथितार्थ असा : मधली कंपनी दूर सारून पाहिले असता नाते मालक-नोकराचेच दिसत असेल, तर कर नोकराप्रमाणे द्यावा. छत्री कंपन्यांची वाढ झाली ती यानंतर. २००७ मध्ये कंत्राटदारांसाठी तयार कंपन्या चालवून देणाऱ्यांवर कायद्याचा बडगा आला, तेव्हा आणखी लोक छत्रीखाली आले. पुढे २०१७ मध्ये सरकारी संस्थांत आणि २०२१ मध्ये मध्यम व मोठ्या खाजगी उद्योगांत हे नाते ठरविण्याचे काम कंत्राटदाराकडून काढून काम देणाऱ्याकडे सोपविण्यात आले. लहान उद्योगाचे काम असेल तर मात्र निर्णय आणि जोखीम अजूनही कंत्राटदाराचीच.

छत्रीचे स्वरूप असे, की कंत्राटदार तिचा नोकर होतो. एजन्सी ठरलेली रक्कम छत्री कंपनीस देते आणि ती पगार काढते. येथे नवखा माणूस हटकून फसतो, कारण दिवसाचा दर म्हणजे पगार नव्हे. समजा, दर दिवसाला ४०० पौंड, म्हणजे आठवड्यास २,००० पौंड ठरला. २०२५-२६ च्या दराने मालकाच्या वाट्याचा १५ टक्के विमा हप्ता, उमेदवारांच्या शिक्षणासाठी असलेली अर्ध्या टक्क्याची पट्टी आणि कंपनीचा २० पौंड आकार धरला, तर पगार उरतो सुमारे १,७२७ पौंड. त्यातच सहसा सुट्टीचा पगार आला; निवृत्तिनिधीत मालकाचा वाटा असल्यास तोही याच रकमेतून जातो. प्राप्तिकराची कपात त्यानंतर सुरू व्हायची असते. मोबदल्यात हिशेबाची कटकट नाही आणि नोकराचे हक्क मिळतात.

परंतु प्रत्येक छत्री पावसापासून वाचवीलच, असे नाही. काही योजनांत पगार नाममात्र देऊन उरलेली रक्कम ‘कर्ज’ म्हणून दिली जाई. ते कर्ज कधीच फेडावयाचे नसते, असे तोंडी सांगितले जाई. २०१७ मध्ये कायदा झाला आणि ५ एप्रिल २०१९ रोजी बाकी असलेल्या अशा कर्जांवर कर बसला. मागणीपत्रे मुख्यतः आली ती योजना विकणाऱ्यांकडे नव्हे, तर परिचारिका, शिक्षक, संगणकतज्ज्ञ अशा सामान्य कामकऱ्यांकडे. कित्येकांचे संसार त्या ओझ्याखाली खचले. अशा गैरप्रकारांत बुडणाऱ्या कराची जबाबदारी एप्रिल २०२६ पासून एजन्सीवरही टाकण्याचे सरकारने ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर केले. ‘हाती ऐंशी-नव्वद टक्के पडतील’ असे कोणी सांगू लागला, तर त्याच्या दारातूनच परतावे.

मग निवड कशी करावी? काम देणाऱ्याने नाते नोकरीचे ठरविले असेल, अथवा काम तीन-चार महिन्यांचेच असेल, तर सचोटीची छत्री बरी. कारण कर पगारासारखाच कापला जाणार असताना कंपनीचे वार्षिक हिशेब सांभाळण्यात लाभ नाही. पण ग्राहक अनेक असतील, कामाची पद्धत आपण ठरवीत असू, चूक झाल्यास ती आपल्या खर्चाने दुरुस्त करावी लागत असेल आणि हा व्यवसाय वर्षानुवर्षे करावयाचा असेल, तर लिमिटेड कंपनीच योग्य. तिचा जुना करलाभ मात्र आटला आहे. लाभांशावरील करमुक्त रक्कम २०१६ साली ५,००० पौंड होती, ती २०२४ मध्ये ५०० वर आली. ज्याचा व्हिसा एका मालकाशी बांधलेला आहे, त्याने तर दोहोंपैकी काहीही करण्यापूर्वी जाणत्या वकिलास विचारावे.

सॉलोमनला कवच मिळाले, ते कंपनीची रीतसर नोंदणी झाली होती म्हणून; पण त्याचा धंदाही खरोखरीचा होता. तेव्हा आपल्या मुलाने वा मुलीने हा प्रश्न दूरध्वनीवरून विचारला, तर कर किती वाचेल हे विचारण्याआधी एवढेच विचारावे : तू तेथे धंदा करणार आहेस, की नोकरी? त्याचे प्रामाणिक उत्तर मिळाले, म्हणजे बाकीची निवड फारशी अवघड राहत नाही.